ऐकलं का

घुमीच्या सड्यावर तिन्हीसांजेला आधी वारा बसतो, मग रंग बसतात, आणि सगळं बसलं की रातकिडे उठतात. भादवा सरता सरता त्या उघड्या कातळावर बोटभर गवत असतं आणि गवताच्या बुडाशी गाणारा एकेक जीव. पंखावर पंख घासून तो गातो. गाण्याचा अर्थ एवढाच, की मी इथं आहे, ये.

येते ती बहुतेक वेळा त्याची सखी असते. कधी कधी मात्र माशी येते.

वनिता शेलार त्या माशीची वाट बघत कातळावर बसली होती. समोर पत्र्याचा डबा, डब्यात स्पीकर, डब्याच्या तोंडाला बारीक जाळी. स्पीकरमधून रातकिड्याचं गाणं वाजत होतं. पुण्याच्या एका संस्थेत परजीवी माश्यांची ओळख पटवणं हे तिचं काम. गावात हे सांगायची सोय नव्हती. "एवढं शिकून पोरगी माश्या मारती," असं तिची चुलती एका लग्नाच्या पंगतीत म्हणाली होती, आणि गावानं ते वाक्य अजून जपून ठेवलं होतं.

ही माशी अंडी घालत नाही. अंधुक उजेडात गाण्याच्या मागावर येते आणि केसाच्या टोकाएवढ्या जिवंत अळ्या गाणाऱ्याच्या अंगावर सोडते. अळी आत शिरते. पुढचे काही दिवस रातकिडा आतून खाल्ला जात असतो, आणि गात असतो. वनितानं हे घरी सांगितलं तेव्हा तिची आई शालन भाजी निवडत होती. तिनं हातातली जुडी खाली ठेवली आणि ओवीच म्हटली :

सांजच्या गं पारी बाई, रातकिडा गातो गाणं
ऐकून जी येते दारी, तीच नेती त्याचा पराण

संस्थेत ओळख पटवणारं यंत्र होतं. माशीचा एक पाय त्यात ठेवला की ते जात सांगायचं. घुमीच्या माशीला त्यानं दक्षिणेतल्या डोंगरात पूर्वीच सापडलेल्या एका जातीचं नाव दिलं होतं, आणि जवळजवळ पूर्ण खात्रीनं दिलं होतं. वनिताचा जीव त्या 'जवळजवळ'मध्ये अडकला. कारण ती दक्षिणेतली माशी कुठल्याही स्पीकरवर येऊन बसायची. घुमीची येत नव्हती. सड्यावर मेलेल्या रातकिड्यांतून माश्या बाहेर पडत होत्या, म्हणजे त्या होत्या. गाणंही ऐकत होत्या. पण डब्याकडे फिरकत नव्हत्या.

उत्तर तिला घरात सापडलं.

तिचे वडील निवृत्ती शेलार यांची गावात पिठाची गिरणी होती. घाटमाथ्यावरच्या त्या वाड्यांमधली पहिली. गिरणी आली आणि घरोघरची जाती परसात जाऊन पडली, शालनचंही पडलं. त्यावरही तिची ओवी होती, आणि ती नवऱ्याला ऐकू जाईल अशी म्हणायची तिची रीत होती :

गिरणी आली माझ्या गावा, जातं पडलं परसात
कंथाच्या गं गिरणीनं, ओवी कोंडली उरात

पुढं गिरणीनं कंथाचेच कान नेले. पट्ट्याच्या बाजूचा कान पुरता मेला, दुसऱ्यात थोडी धुगधुगी राहिली. गिऱ्हाईक खांद्याला हलवून "बारीक दळा" म्हणायचं तेही त्यांना कळत नसे. पण दाराशी येऊन शालन "ऐकलं का" म्हणाली, की चालत्या गिरणीत निवृत्ती मान वळवायचे. गावाला वाटायचं, म्हातारा सोंग करतो.

तो आवाज मोठा नव्हता. ओळखीचा होता.

वनितानं संस्थेच्या संग्रहातलं गाणं बंद केलं. घुमीच्या सड्यावरच, त्याच उतारावर, तिथल्याच रातकिड्याचं गाणं टिपलं आणि दुसऱ्या सांजेला ते डब्यातून वाजवलं. अंधार पुरता पडायच्या आधी जाळीवर पिवळट, मोठ्या डोळ्यांची एक माशी उतरली. मग दुसरी, मग आणखी. त्या जाळीभर चालत राहिल्या, पुन्हा पुन्हा त्याच वाटेनं, गाणारा शोधत. काहींनी आपल्या अळ्या तिथंच, पत्र्यावर सोडल्या. त्या सकाळपर्यंत सुकून गेल्या. वनिताला आनंद झाला होता, तरी ती जाळी तिच्या मनातून गेली नाही.

ओळख पटली ती सूक्ष्मदर्शकाखाली. या माशीचे कान मानेखाली, छातीवर असतात. ते इतके जवळ असतात की आवाज दोन्हीत एकदमच पोचावा. पण दोन कानांना जोडणारा एक पूल असतो, तराजूच्या दांडीसारखा. आवाजाकडची बाजू जरा आधी दबते, दुसरी उचलते, आणि त्या एवढ्याशा झुकण्यावरून माशीला दिशा कळते. दक्षिणेतल्या जातीत ही दांडी सरळ होती. घुमीच्या माशीत ती किंचित वाकलेली होती, आणि एका उतारावरच्या सगळ्या माश्यांत सारखीच वाकलेली. अळी रातकिड्याच्या पोटात असताना त्याच्या गाण्याची थरथर तिच्या अंगातून जाते, दांडी त्या थरथरीवर घडते आणि माशी होऊन बाहेर पडली की तशीच टणक होते. मग जन्मभर तिला तेवढी एकच चाल ऐकू येते. बाकी साऱ्या जगाला ती बहिरी.

जात नवी होती. वनिताला नावात आईचं नाव घालायचं होतं. शालन म्हणाली, "माशीला माझं नाव? लोकं म्हंतील, सासूला चावली असंल." म्हणून नावात सडाच आला, घुमी.

*

संस्थेत झुबेर मुल्ला हा ध्वनीचा अभियंता होता. कऱ्हाडकडचा, वनिताहून लहान, तिला ताई म्हणायचा. त्या वाकलेल्या दांडीचं चित्र त्यानं मोठं करून बघितलं. मग म्हणाला की बहिऱ्या माणसाचं दुखणं तू सोडवलंस.

त्याचं म्हणणं असं. कानाचं नेहमीचं यंत्र सगळंच मोठं करतं, भांडी, गाड्या, माणसं, सगळं. ज्याची नस जवळजवळ गेली आहे त्याच्यापर्यंत त्यातून नुसता गोंगाट पोचतो. पायवाटेवरून वरात कशी जाईल? एक माणूस जाईल. माशीसारखा कान केला, एकाच आवाजावर घडणारा, तर उरलेल्या नसेतून तेवढा एक आवाज स्वच्छ जाईल.

काही वर्षांत तो कान झाला. तांदळाच्या कणीएवढा, आत तशीच दांडी, ऊब दिली की मऊ होणारी आणि महिनाभर एक आवाज ऐकत ऐकत पिकून टणक होणारी. सुरुवातीच्या काही माणसांत निवृत्ती होते. त्यांचा एकच कान जिवंत, म्हणजे त्यांना एकच आवाज. कुणाचा, असं झुबेरनं विचारलं तेव्हा वनिता म्हणाली, "आईचा. आणखी कुणाचा?"

कान बसवला त्या दिवशी शालन नवऱ्याच्या पाठीमागे खुर्चीवर बसली होती. ओठ दिसू नयेत म्हणून तिला मागं बसवलेलं. झुबेरनं सांगितलं की कच्चा कान पहिली हाक धरतो, तेव्हा काकांना नावानं हाक मारा.

"नाव न्हाई घेत आमी."

"एकदाच, मावशी."

"उखान्यात घ्यू का?"

झुबेर म्हणाला, उखाणा चालणार नाही, रोजची हाक पाहिजे. शालननं पदर नीट केला आणि पुढं बघून म्हणाली, "ऐकलं का? ह्यो पोरगा माझी फजिती करतोय."

"ऐकलं, मावशी. आता नाव घ्या."

"तुला न्हाई म्हनले, बाबा."

आणि निवृत्ती शेलार मागं वळले. तोंडाचा आ झालेला, डोळे भरलेले. म्हणाले, "घसा बसलाय का गं तुझा?" तिचा घसा बसलेला नव्हता. आवाज म्हातारा झाला होता, आणि तो त्यांनी मधल्या वर्षांत असा स्वच्छ ऐकलाच नव्हता.

पुढची तीन वर्षं त्या घरात पुन्हा भांडणं झाली, ओव्या झाल्या. बाकीच्या जगासाठी निवृत्तींकडे अक्षरांचा चष्मा होता. समोरचा बोलला की काचेवर शब्द उमटत. तो त्यांना आवडत नसे. "बोलनं काय वाचायचं असतं व्हय?" म्हणायचे. वनिता सुट्टीला घरी आली की तिचं बोलणं काचेवर यायचं आणि आईचं कानात. दोघं एखाद्या गोष्टीवर हसायची आणि ती गोष्ट वनिताच्या वाट्याला जरा उशिरा यायची. त्यांचे कान गेले तेव्हा ती बारावीत होती. तिचा मोठेपणीचा आवाज त्यांनी कधीच ऐकला नव्हता. हे ती कुणाला बोलली नाही.

*

त्याच वर्षांत घुमीच्या सड्यावर एक गोष्ट घडत होती. काही रातकिडे बोडक्या पंखांचे जन्मू लागले, पंख घासले तरी आवाज न येणारे. एरवी असला मुका नर टिकता ना. पण गाणाऱ्याला माशी गाठायची आणि मुक्याला गाठत नव्हती. गाणारे मेले, मुके उरले, मुक्यांना मुके झाले. वर्षागणिक सडा निवत गेला. दरीपलीकडच्या सड्यावर रातकिडे जीव तोडून गात होते. पण ती यांची चाल नव्हती. माश्या तिकडे गेल्याच नाहीत.

ज्या पावसाळ्यात डब्यावर एकही माशी आली नाही, त्याच्या पुढच्या पौषात शालनला न्यूमोनिया झाला.

आवाज आधी गेला. घशात नळी होती. निवृत्ती खाटेशी बसून होते, चांगला कान तिच्याकडे करून. तिचे ओठ हलले. कानात काही आलं नाही, काचेवरही काही उमटलं नाही. पण ते दोन शब्द ओळखायला त्यांना कान लागत नव्हता.

शालनचे दिवस झाले, पाहुणे गेले. निवृत्ती परसातल्या जात्यापाशी जाऊन बसू लागले. शालनच्या आवाजाचे चार तुकडे वनिताच्या फोनमध्ये होते, कधीतरी सहज टिपलेले. तिनं ते बापाच्या फोनवर टाकले. त्या कानाला आता जगात तेवढंच ऐकू येत होतं. निवृत्ती ते लावायचे, परत लावायचे. चष्मा घालायचं त्यांनी सोडून दिलं. वनिता समोर बसून बोलायची आणि ते तिच्याकडे प्रेमानं, पार न ऐकता बघत राहायचे. जेवायचं राहून जायचं. मनगटं काठीसारखी झाली.

कान नव्यानं घडवता येतो, हे झुबेरनं तिला सांगितलं. दांडी वितळवायची, दुसऱ्या आवाजावर पिकवायची. पण मग जुना आवाज गेला तो गेला, आणि ते चार तुकडेही त्यांच्यासाठी मुके. वनिता म्हणाली, हे मी त्यांना विचारणार नाही. त्यांच्याजवळ तेवढंच उरलंय, तेही मी मागू?

मग तिनं दुसरं केलं. आपल्या आवाजाला कुणाचाही आवाज चढवणारं अ‍ॅप आता शाळेतली पोरंसुद्धा खोड्या काढायला वापरतात. चार तुकडे त्याला पुरले. सकाळच्या वेळी, स्वयंपाकघराच्या दाराआडून, ती फोनात बोलली आणि स्पीकरमधून शालन बोलली : "ऐकलं का? जेवलात का?"

निवृत्ती उठले. वनिता दाराआडून पुढं आली तरी तिच्या पलीकडे, उंबऱ्याकडे बघत उठले. भिंतीला हात लावत घरभर फिरले, माजघर, परस, पुन्हा माजघर. मग स्वयंपाकघराकडे वळले, गॅस पेटवला आणि चहा ठेवला. दोन कप. एक स्वतः प्यायले, एक जात्याच्या पाळीवर ठेवला.

ते जेवू लागले, म्हणून वनितानं ते चालू ठेवलं. ती पुण्याहूनही फोनवर बोलायची. हळूहळू ती जेवणापलीकडचं बोलू लागली. संस्थेतलं राजकारण, स्वतःचं मोडलेलं लग्न, गुडघ्याचं दुखणं, माश्यांचं संपणं. बापाशी कधी बोलली नव्हती ते सगळं आईच्या आवाजात बोलून झालं. आणि ती घरी असली की दर वेळी दुसरा कप जात्यावर गार व्हायचा, साय धरायचा. एकदा त्या सायीवर एक घरमाशी फिरताना तिनं बघितली, पुन्हा पुन्हा त्याच वाटेनं. तिला ती जाळी आठवली.

त्या दिवशी तिनं बापाचा चष्मा शोधून पुसला आणि त्यांच्या नाकावर ठेवला. समोर बसून, आपल्या आवाजात म्हणाली, "आबा, ती आई नव्हती. मी होते."

काचेवरची अक्षरं निवृत्तींनी वाचली. चष्मा काढला नाही.

"ठावं हाय."

"कधीपासून?"

"पयल्या दिसापासनं. तुझ्या आईनं कवा इचारलं मला, जेवलात का म्हनून? ती ताट वाढायची. न्हाई म्हनायची सोय हुती व्हय?"

वनिताला हसू फुटलं आणि तिथंच मोडलं. तिनं विचारलं, मग दोन कप कशाला?

"हाक आली की उठायचं, चहा ठिवायचा," निवृत्ती म्हणाले. "कुनाची हाय ते मागनं बघू." मग तिच्या तोंडाकडे बघून म्हणाले, "किती बोललीस गं वने. येवढं साठलं हुतं? आनि समदं तिच्या आवाजात. तुझा कसा हाय?"

वनितानं सगळं सांगितलं, वितळवणं, तुकडे मुके होणं. ती सांगताना रडत होती, आणि रडणं काचेवर उमटत नाही.

"तिचं मला पाठ हाय," ते म्हणाले. "तुझं न्हाई."

*

वितळवायच्या सकाळी त्यांनी तुकडे लावले नाहीत. झुबेर म्हणाला, काका, एकदा ऐकून घ्या. त्यांनी मान हलवली आणि कान स्वतःच्या हातानं काढून त्याच्या तळव्यावर ठेवला. झुबेरनं ऊब दिली. तांदळाच्या कणीत काहीतरी होतं ते सरळ झालं. बाहेरून काही दिसलं नाही.

मग कान पुन्हा बसवला आणि वनिता त्यांच्या पाठीमागे बसली, त्याच खुर्चीवर. तिला काय हाक मारावी असा प्रश्न पडला नव्हता. ती म्हणाली, "आबा."

निवृत्ती वळले. तिला वाटलं होतं, म्हणतील, थेट आईवर गेलीस.

"आईवर न्हाई गेलीस," ते म्हणाले. आणि पुन्हा पुढं वळून, "बरं झालं."

भादवा सरताना तिनं त्यांना सड्यावर नेलं. कान आता पिकला होता. वारा बसला, रंग बसले. गवत होतं, गवतात बोडक्या पंखांचे जीव पंखावर पंख घासत होते, आणि एवढ्या मोठ्या कातळावर कसलाही आवाज नव्हता. जिचं नाव या सड्यावरून ठेवलं ती माशी आता फक्त संस्थेच्या खणात होती, टाचणीवर.

"रातकिडं वरडत्यात का गं?" निवृत्तींनी विचारलं. त्यांना तिच्याशिवाय कुणाचं काही ऐकू येत नव्हतं.

"नाही आबा. गप्प आहेत."

"असं व्हय. मला वाटलं, मलाच येत न्हाई."

ते कातळावर बसले. खिशातून फोन काढला, बोटानं चाचपून एक तुकडा लावला आणि फोन वनिताच्या कानाशी धरला. पडद्यावरची रेघ वरखाली हलत होती. ते त्या रेघेकडे बघत होते.

"काय म्हंती?"

वनितानं पुरतं ऐकून घेतलं. आवाज आईचा होता, मागं गिरणी चालू होती.

"म्हणते, ऐकलं का. येताना खोबरं आणा."

निवृत्तींनी मान डोलावली. फोनची रेघ सपाट झाली होती. तरी त्यांनी तो तिच्या कानापासून काढला नाही.

"सांग तिला," ते म्हणाले. "ऐकलं."